एकतीस तासांच्या लेकीचे पाप कोणते?

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. वसई भागातल्या एका कॅथलिक घरातली ही वाचक एकोणतीस वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात सातव्या महिन्यातच तिला मुलगी झाली, आणि काचेच्या पेटीत एकतीस तास जगून ती गेली. बाप्तिस्मा राहून गेला. नवऱ्याने आणि दिराने संध्याकाळी दफनभूमीच्या कुंपणाजवळ तिला पुरले. प्रार्थना झाली नाही. आजेसासू म्हणाल्या, "मूळ पाप न धुता गेलेले मूल लिंबोत राहते, त्याला देवाचे दर्शन नाही." प्रार्थनासभेतल्या एका बाईंनी चाळीस शुक्रवार निर्जळी उपवास करून प्रायश्चित्त घ्यायला सांगितले. त्यांतले अकरा शुक्रवार झाले आहेत आणि हिमोग्लोबिन आठवर आले आहे. ती विचारते: माझ्या मुलीने कोणते पाप केले होते? ख्रिस्ताने सर्वांसाठी प्रायश्चित्त केले असेल, तर मला ते पुन्हा कशासाठी? आणि जवळ उभ्या असलेल्या नर्सलाही बाप्तिस्मा देता आला असता हे मला आता कळले आहे, तेव्हा हा दोष माझाच नाही का?

प्रिय ताई,

बाकी सगळे सांगण्याआधी एक गोष्ट सांगते. येत्या शुक्रवारी उपवास करू नका. सकाळी न्याहारी करा, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्या आणि दुपारी पोटभर जेवा. आजारी माणसाला उपवासाचे बंधन ख्रिस्तसभा घालत नाही, आणि तुमच्यावर ज्याने ते घातले त्याला तसा अधिकारही नव्हता. हे प्रायश्चित्त का नव्हे, ते पुढे येईलच.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या मुलीने कोणतेही पाप केले नव्हते. तुमचे मन राखण्यासाठी मी हे म्हणत नाही. ही ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, 1992 साली, कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या 404 आणि 405 या परिच्छेदांत म्हटले आहे की मूळ पापाला, म्हणजे आदाम या पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडली तेव्हापासून सगळ्या मानवजातीवर आलेल्या दुराव्याला, 'पाप' हा शब्द केवळ साधर्म्याने लावला जातो. ते केलेले नसते, लागलेले असते. ती कृती नसून अवस्था आहे. आणि आदामाच्या कोणाही वंशजाच्या ठायी त्याला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नसते. हा फरक आपल्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात फारसा कोणी समजावून देत नाही. मी स्वतः अनेक वर्षे हा वर्ग घेतला, आणि फळ्यावर खडूने हृदय काढून त्याच्या मधोमध एक डाग रंगवायचा आणि मग ओल्या फडक्याने तो पुसून दाखवायचा, अशा रीतीने मी मुलांना बाप्तिस्मा शिकवला. तुमचे पत्र वाचल्यापासून ते ओले फडके माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ज्या मुलांना मी ते दाखवले, त्यांच्यापैकी कोणी आज तुमच्यासारखी आई असेल, तर तिच्या मनात तो डाग मीच सोडलेला आहे.

मग केलेले नसताना लागलेले पाप म्हणजे काय? माझ्या ओळखीच्या एका गावात दोन भावांच्या वाड्या शेजारी शेजारी आहेत. थोरल्याने बांध कोरला, कोरत कोरत दोन हात आत आला आणि धाकट्याचे पाच माड आपल्या बाजूला घेतले. त्यावरून भांडण झाले, दावा लागला, आणि येणेजाणे, लग्नाकार्याची बोलावणी, सगळे तुटले. पुढे थोरल्याला नातू झाला. तो सहा वर्षांचा असताना त्याचा चेंडू बांधापलीकडे गेला, आणि तो पोर बांधावर पाय जुळवून नुसता उभा राहिलेला मी पाहिला आहे. पलीकडे पाऊल टाकायचे नाही, तिकडच्या विहिरीचे पाणी प्यायचे नाही, हे त्याला कोणी बसवून शिकवले नव्हते. त्याने कोणाची जमीन घेतली नव्हती, कोणाला शिवी दिली नव्हती. तरीही भांडण त्याच्या पायांत उतरले होते. त्या मुलाला अपराधी कोण म्हणेल? पण तो मोकळा होता, असेही म्हणता येणार नाही. मूळ पापाच्या सिद्धान्तात मला जे खरे वाटते, ते एवढेच आहे, आणि ते मी मनापासून मानते: आपण कोऱ्या जगात जन्माला येत नाही, दुरावा आधीच पडलेल्या घरात येतो, आणि तो दुरावा आपण काही करण्याआधी आपल्याला चिकटतो. तुमच्या मुलीला तर तो बांध दिसलाही नाही.

या साध्या गोष्टीचे भय कसे झाले, हे तुम्हाला ठाऊक असलेले बरे, कारण भयाचा उगम कळला की ते देवाच्या तोंडचे नाही हेही कळते. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या गावाचा बिशप संत ऑगस्टीन (354 ते 430) याने या शिकवणीला तिचे पाश्चात्त्य रूप दिले. पेलाजियस नावाचा एक तपस्वी म्हणत होता की माणूस स्वतःच्या निर्धाराने निष्पाप राहू शकतो. त्याला उत्तर देताना ऑगस्टीनने देवाच्या कृपेची गरज इतक्या टोकाला नेली की तान्ह्या बालकांनाही तिच्यावाचून गती उरली नाही, आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या बालकांना, सर्वांत सौम्य का होईना, शिक्षा आहे असे त्याने लिहिले. त्याच्या हातात जे लॅटिन बायबल होते, त्यात प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातले पाचव्या अध्यायातले बारावे वचन 'ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले' अशा अर्थाने वाचले जाई, म्हणजे सगळी मानवजात आदामाच्या आत उभी राहून पाप करीत होती. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ बहुतेक अभ्यासक आज 'कारण सर्वांनी पाप केले' असा लावतात, आणि आपल्या मराठी भाषांतराचा कलही तसाच आहे. हे वचन ग्रीकमध्येच वाचणाऱ्या पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने आदामाकडून मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो असे मानले, अपराध येतो असे मानले नाही. एकाच वचनावरून दोन मोठ्या परंपरा अशा दोन वाटांनी गेल्या.

ऑगस्टीनवर मला राग धरता येत नाही. त्याचा स्वतःचा मुलगा आदेओदातस ऐन कुमारवयात गेला होता. आणि 415 साली त्याने जेरोम या समकालीन बायबलपंडिताला लिहिलेल्या एका लांबलचक पत्रात मान्य केले आहे की बालकांच्या शिक्षेचा प्रश्न आला की आपली मोठी कोंडी होते आणि काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. ज्याने ही शिकवण मांडली, तोच या ठिकाणी अडखळत होता. त्याची ती कोंडी पुढच्या लोकांनी गाळून टाकली आणि फक्त निकाल तेवढा आपल्या आजेसासूंपर्यंत पोहोचवला.

लिंबो हा शब्द त्या कोंडीतूनच निघाला. लॅटिनमध्ये 'लिंबस' म्हणजे वस्त्राची किनार. मध्ययुगातल्या पंडितांना तान्ह्या बाळांना नरकात ठेवणे जड जाऊ लागले, तेव्हा त्यांनी नरकाच्या काठावर एक वेदनारहित जागा कल्पिली. तेराव्या शतकातला ईशज्ञानी थॉमस अक्वायनस तर म्हणाला की तिथे बालकांना नैसर्गिक सुख असते आणि दुःख मुळीच नसते. म्हणजे ही कल्पना मुळात दयेपोटी आली होती, पण आईच्या काळजाला अर्धी दया पुरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ओबरब्युरेन नावाच्या गावी पंधराव्या शतकात एक देवालय होते. तिथे आईबाप मृत जन्मलेली बाळे दूरदुरून घेऊन येत. बायका ती बाळे निखाऱ्यांजवळ ऊब देऊन ठेवीत, ओठांवर पीस ठेवीत, आणि ऊन हवेने पीस हलले की श्वास आला असे मानून घाईघाईने बाप्तिस्मा देत आणि तिथेच पुरीत. बिशपने त्याला आक्षेप घेतला, धर्मसुधारणेच्या काळात ते देवालय पाडले गेले, आणि आपल्या काळात उत्खनन झाले तेव्हा त्या जमिनीतून दोनशेहून अधिक बाळांचे सांगाडे निघाले. ताई, तुमच्या आधी इतक्या आया याच भयाने रात्रीची वाट चालल्या आहेत. त्यांना जे कोणी सांगितले नाही, ते निदान तुम्हाला सांगितले गेले पाहिजे.

ते असे. लिंबो ही ख्रिस्तसभेची श्रद्धासत्य म्हणून ठरवलेली शिकवण कधीच नव्हती. 1992 च्या त्या ग्रंथात तिचे नावही नाही. त्याच्या 1261 व्या परिच्छेदात बाप्तिस्म्यावाचून गेलेली बालके देवाच्या दयेवर सोपवली आहेत, आणि त्यासाठी 'बालकांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका' हे येशूचे शब्द दिले आहेत. एप्रिल 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने, याच प्रश्नावर एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. अशा बालकांचे तारण होते अशी आशा बाळगायला गंभीर ईशज्ञानात्मक आणि उपासनेतले आधार आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. मी तुम्हाला नेमके सांगितले पाहिजे: आयोगाने 'आशा' हा शब्द वापरला, 'खात्री' हा नाही. पण ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आशा म्हणजे 'बघू, झाले तर झाले' असे नसते. आपण आपल्या आजोबांसाठी, गावातल्या सर्वांत सज्जन माणसासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सांगतो, तेव्हा त्यांच्याबद्दलही आपल्याजवळ आशाच असते. तुमची लेक त्याच आशेत आहे, तिच्यासाठी वेगळी किनार नाही.

आता प्रायश्चित्त. इथे मराठी भाषेनेच आपल्याला थोडे चकवले आहे, म्हणून या शब्दापाशी जरा थांबते. धर्मशास्त्राच्या परंपरेत प्रायश्चित्त ज्याने पाप केले त्याने घ्यायचे असते: कृच्छ्र, चांद्रायण अशी उपासाची कडक व्रते करायची, पंचगव्य घ्यायचे. आजच्या बोलण्यातही 'भोग आता प्रायश्चित्त' असेच आपण म्हणतो. ख्रिस्ती शिकवण मराठीत आली ती अशाच शब्दांच्या खांद्यावरून आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात रायतूरला छापले गेले, त्यात आदामाच्या पतनाची कथा आहे आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. शब्द उसने घ्यावेच लागतात, आणि त्यात काही वावगे नाही. पण उसन्या शब्दाबरोबर त्याची जुनी सवयही घरात येते. प्रायश्चित्त म्हटले की आपल्या मनात आपोआप पाप करणारा माणूस खाली वाकतो आणि वर बसलेल्या रागावलेल्या देवाला काहीतरी भरून देतो.

बायबलमध्ये हे चित्र नेमके उलटे आहे. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताचा दिवस वर्णिला आहे: वर्षातून एकदा मुख्य याजक पडद्याआड जाई आणि कराराच्या कोशावरच्या, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीवरच्या, सोन्याच्या झाकणावर रक्त शिंपडी, दुसऱ्या बकऱ्यावर हात ठेवून लोकांची पापे उच्चारी आणि त्याला रानात सोडून देई. त्या झाकणाला आपल्या मराठी भाषांतरकारांनी फार सुंदर शब्द योजला आहे: दयासन. आणि पुढच्याच अध्यायात देव म्हणतो की वेदीवर प्रायश्चित्त करण्यासाठी हे रक्त मीच तुम्हाला दिले आहे. देणारा तो आहे, घेणारे आपण. पौलाने रोमकरांस पत्रात येशूबद्दल जो ग्रीक शब्द वापरला, तोच शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी आहे. आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्रात तो स्पष्ट लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाशी स्वतःचा समेट करीत होता. वाक्याचा कर्ता देव आहे, ताई, आपण नाही. प्रायश्चित्ताचा ख्रिस्ती अर्थ मला विचाराल तर मी 'समेट' हाच शब्द पुढे ठेवीन.

हा समेट कसा घडला, याबद्दल ख्रिस्तसभेने कोणत्याही विश्वसभेत, म्हणजे सगळ्या बिशपांच्या सर्वोच्च सभेत, एकच एक उपपत्ती बंधनकारक केलेली नाही; श्रद्धाप्रकटनात आपण फक्त 'आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी' एवढेच म्हणतो. आरंभीच्या शतकांत पुष्कळांनी मार्काच्या शुभवर्तमानातला 'खंडणी' हा शब्द धरून सांगितले की सैतानाच्या तावडीतून माणसाला सोडवण्यासाठी ख्रिस्त ही किंमत दिली गेली. त्यावर चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने रोखठोक विचारले की खंडणी कोणाला दिली? सैतानाला देणे तर लाजिरवाणे आहे. आणि पित्याला दिली म्हणावे, तर ज्या पित्याने अब्राहामाकडून इसहाकाचा बळी घेतला नाही, त्याला आपल्या पुत्राच्या रक्तात आनंद कसा वाटेल? अकराव्या शतकाच्या अखेरीस, 1098 साली, कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने आपला प्रसिद्ध ग्रंथ पुरा केला. त्याच्या काळी सरदाराचा अपमान झाला तर त्याची भरपाई त्याच्या दर्जाप्रमाणे करावी लागे. अन्सेल्मने तोच विचार पुढे नेऊन म्हटले की देवाचा मान अनंत, म्हणून भरपाईही अनंत हवी, आणि ती देवच माणूस होऊन करू शकतो. पुढच्याच पिढीत पीटर अबेलार्ड या फ्रेंच पंडिताने आक्षेप घेतला की निरपराध्याचे रक्त किंमत म्हणून मागणे हे क्रूर आहे; ख्रिस्ताचे मरण आपल्या मनात प्रेम जागवते आणि ते प्रेम आपल्याला मोकळे करते. सोळाव्या शतकात कॅल्विन आदी प्रॉटेस्टंट सुधारकांनी अन्सेल्मचा मान बाजूला सारून न्यायालय आणले: शिक्षा आपली, ती ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली. तुमच्या प्रार्थनासभेतल्या बाईंच्या बोलण्यात याच शेवटच्या मांडणीचा काही भाग आहे, पण अर्धाच; कारण ती मांडणी खरी धरली तरी शिक्षा भोगून झालेली आहे, आणि मग तुमच्या अकरा शुक्रवारांना त्यात जागा कुठे उरते?

त्या दोन वाड्यांची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. एके वर्षी थोरल्या भावाची बायको गेली. अंगणात तिरडी होती आणि माणसे गोळा होत होती, तेवढ्यात धाकटा भाऊ बांध ओलांडून आला. पंचवीस वर्षे तो आला नव्हता. त्याने खांदा दिला, आणि पुढच्या महिन्यात दावा मागे घेतला. ते दोन हात आणि ते पाच माड गेले ते गेलेच. त्या समेटाची किंमत कोणी भरली? ज्याचे गेले होते त्यानेच. कोणाला भरली? कोणालाच नाही, त्याने ती सोसली. ग्रेगरीच्या प्रश्नाला मला सापडलेले उत्तर हे आहे. क्रूसावरचे मरण दोन हात जमिनीएवढे लहान नाही, आणि ही गोष्ट सगळे ईशज्ञान पेलणार नाही, हे मला कळते. पण ज्याच्यावर अन्याय झाला तोच आधी बांध ओलांडून आला, ही क्रूसाची बातमी आहे, आणि उपवास मोजणारा देव त्यात कुठेच नाही. पापनिवेदनानंतर फादर आपल्याला जे छोटे प्रायश्चित्त देतात, तेही देणे फेडण्यासाठी नसते, मिळालेल्या क्षमेनंतर मोडलेले सावरण्यासाठी असते. आणि ते पाप केलेल्या माणसासाठी असते. मूल लवकर जन्मले हे पाप नव्हे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि त्याने उत्तर दिले होते की याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. होय, मरणाच्या दारात असलेल्या बालकाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. नर्स हिंदू असती, मुसलमान असती, तरी ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरून तिने पाणी ओतले असते आणि ते शब्द उच्चारले असते तर तो बाप्तिस्मा खरा ठरला असता. तुम्हाला हे ठाऊक नव्हते. हे आईबापांना प्रसूतीच्या आधीच सांगणे आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचे काम होते आणि आम्ही ते केले नाही. जे ठाऊक नव्हते, ते न केल्याचा दोष तुम्हाला लागत नाही. शिवाय त्याच ग्रंथाच्या 1257 व्या परिच्छेदात एक वाक्य आहे, ते तुम्ही पाठ करून ठेवावे असे मला वाटते: देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी जोडले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या आईने सहाव्या महिन्यातच बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवून ठेवला होता, गळ्याला बारीक लेस लावून, आणि तो अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात आहे. त्या मुलीला ख्रिस्ताच्या घरात न्यायची तुमच्या घराची इच्छा होती, याला याहून मोठी साक्ष कोणती हवी?

आता करायच्या गोष्टी. तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांकडे नवऱ्याला घेऊन जा. पत्रात तुमच्या नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे, की ते बोलत नाहीत, आणि ज्याने स्वतःच्या हातांनी कुंपणाजवळ माती लोटली त्याला बोलायला कोणीतरी निमित्त द्यावे लागते. ज्यांच्या आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती अशा बालकांचा अंत्यविधी ख्रिस्तसभेत बिशपच्या परवानगीने होऊ शकतो, असे धर्मनियमाच्या 1183 व्या कलमात आहे, आणि बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बालकासाठी मिस्साग्रंथात स्वतंत्र प्रार्थनाही आहेत. दफन झाले असले तरी फादरांना तिच्यासाठी मिस्सा अर्पण करायला आणि कबरीवर येऊन प्रार्थना करायला सांगा. तिचे नाव ठेवले नसेल तर आता ठेवा आणि त्याच नावाने मिस्सा सांगा. दोन नोव्हेंबरला सगळे गाव कबरींवर फुले आणि मेणबत्त्या घेऊन जाते, तेव्हा कुंपणाजवळच्या त्या जागेवरही मेणबत्ती लावा, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर.

आजेसासूंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी त्यांना तेच शिकवले गेले, आणि त्या पिढीतल्या बायकांची किती बाळे अशीच कुंपणाजवळ पुरली गेली, हे त्या कधी कोणाशी बोलल्या नसतील. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की आजी, तुमचेही कोणी गेले होते का? उत्तर होय असेल, तर मिस्सा सांगताना दोन नावे द्या.